पटावरून पडद्यावर : पाळीच्या खेळांचा प्रवास

पाळीच्या खेळात दोन्ही बाजू एकदम हलत नाहीत. एकाने दान टाकायचे, सोंगटी पुढे न्यायची आणि थांबायचे. दुसऱ्याचा डाव पुरा झाल्याखेरीज पहिल्याने पटाला हात लावायचा नाही. सारीपाट, मोक्षपट आणि बुद्धिबळ हे तिन्ही खेळ याच नियमावर उभे आहेत. १९८०नंतर संगणकाच्या व टीव्हीच्या पडद्यावर रुळलेले पाळीचे भूमिकाखेळही याच नियमाने चालतात. त्यांत खेळणारा एखाद्या कथेतल्या पात्राची किंवा चार-पाच पात्रांच्या टोळीची भूमिका घेतो, मुलूख पालथा घालतो आणि शत्रू समोर आला की पाळीपाळीने लढतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’, ‘फायनल फँटसी’, ‘पोकेमॉन’ ही या प्रकारातली गाजलेली नावे. ते बाजारात येऊन तीस-चाळीस वर्षे झाली, ज्या यंत्रांसाठी ते बनले ती यंत्रे अडगळीत गेली, तरी हे खेळ आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले जातात. त्यांच्या या दीर्घायुष्याचे मूळ पटाच्या जुन्या खेळांत आहे आणि त्या खेळांच्या इतिहासातला एक महत्त्वाचा भाग नीरा व कृष्णेच्या खोऱ्यांत, शिरवळपासून सांगलीपर्यंतच्या मुलखात घडला आहे.

शिरवळचा रस्ता

नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि पुण्याकडून येणाऱ्याला पहिले मोठे गाव भेटते ते खंडाळा तालुक्यातले शिरवळ. गावाजवळची बौद्ध लेणी आणि नदीकाठच्या सुभानमंगळ गढीचे अवशेष या वाटेच्या प्राचीनतेची साक्ष देतात. शाहू छत्रपतींची राजधानी सातारा आणि पेशव्यांचे ठाणे पुणे ही दोन सत्ताकेंद्रे ज्या रस्त्याने जोडलेली होती, त्या रस्त्यावर हे गाव आहे. पुढे खंबाटकी घाट, सातारा, कऱ्हाड असे करीत तोच रस्ता कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो. फौजा, कारकून, व्यापारी, वाघ्या-मुरळी आणि कीर्तनकार या सगळ्यांची ये-जा या पट्ट्यात होती. कथा, गाणी आणि खेळ अशा वाटांनीच गावोगाव पोचतात.

त्याच्याही पुष्कळ आधी हा भाग दीर्घकाळ कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना त्याने फाशांचे, कवड्यांचे आणि चतुरंगाचे खेळ सविस्तर दिले आहेत. पटाचे खेळ दख्खनच्या दरबारी जीवनाचा भाग होते, याचा हा भक्कम लेखी पुरावा. त्याहून जुना पुरावा दगडात आहे. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत.

दरबाराबाहेरही खेळ होतेच. गुराखी आणि मेंढपाळ खडे घेऊन जमिनीवर किंवा दगडावर आखलेल्या रेघांवर नवकांकरी आणि वाघबकरी खेळत. वाघबकरीत दोन बाजूंचे बळ सारखे नसते. वाघ मोजके, पण उडी मारून बकरी खाऊ शकणारे. बकऱ्या दुबळ्या, पण संख्येने पुष्कळ आणि वाघाला कोंडू शकणाऱ्या. प्रत्येक बाजूला स्वतःचा स्वभाव आणि स्वतःची ताकद देण्याची ही कल्पना पुढच्या भूमिकाखेळांचा पाया ठरणार होती.

सारीपाट आणि खंडोबाचा पण

सारीपाटाचा पट कापडाचा असतो. त्याला चार फाटे असतात आणि प्रत्येक फाट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार फाट्यांवर मिळून ९६ घरे. चार रंगांच्या चार-चार अशा सोळा सोंगट्या. दान पाडण्यासाठी लांबट फासे वापरतात किंवा पचिशीप्रमाणे सहा-सात कवड्या. सोंगटी मधल्या ओळीतून बाहेर पडते, कडेकडेने सगळा पट फिरते आणि पुन्हा मधल्या घरात येऊन पिकते. वाटेत ज्या घरात ती पोचते तिथे प्रतिस्पर्ध्याची सोंगटी असली तर ती प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारली जाते आणि तिला प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. फुलीच्या घरात मात्र तिला अभय असते.

खेळाचे सगळे मर्म इथेच आहे. दान दैवाचे, पण ते कोणत्या सोंगटीला द्यायचे हा निर्णय खेळणाऱ्याचा. मिळालेल्या दानाने पुढची सोंगटी पळवायची, मागची वाचवायची की समोरची मारायची, याचा विचार करायला पाळीचा नियम सवड देतो. महाभारताच्या सभापर्वातले द्यूत याहून वेगळ्या प्रकारचे होते. पण एका खेळाच्या निकालावर राज्य जाणे, बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी पडणे, ही कथा मराठी माणसाच्या मनात कायमची बसली. कोजागरीच्या जागरणात आणि बलिप्रतिपदेला फासे खेळण्याची प्रथा धर्मशास्त्रानेही सांगितली आहे. बलिप्रतिपदेचे एक नाव द्यूतप्रतिपदा असेच आहे.

सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर या खेळाला आणखी एक कथा लाभली. शिरवळच्या ईशान्येला, नीरेपलीकडे खंडोबाची जेजुरी आहे. दक्षिणेला कऱ्हाड तालुक्यात पालीचा खंडोबा आहे आणि तिथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. जागरणात वाघ्या-मुरळी जी कथा गातात तिच्यात खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो आणि हरतो. पणाप्रमाणे त्याला बारा वर्षे घर सोडावे लागते. खंडोबा मग वेष पालटतो, धनगराकडे चाकरीला राहतो, मेंढरे राखतो आणि धनगराची लेक बाणाई हिच्याशी लग्न करतो. ज्या कैफियतीत म्हाळसा आणि बाणाई एकमेकींना बोल लावतात, तिची सुरुवात या हरलेल्या डावातून होते.

या कथेत खेळ आणि भूमिका एकमेकांना जोडल्या गेल्या आहेत. डाव हरल्यामुळे देवाला दुसऱ्याचे जगणे जगावे लागते आणि त्या जगण्यातून नवे नाते तयार होते. धनगर समाज आणि खंडोबाची उपासना यांचे नाते उलगडताना ही कथा अभ्यासकांना महत्त्वाची वाटते. खेळाच्या इतिहासातही तिला जागा आहे. पटावरच्या सोंगटीच्या मागे एक माणूस असतो आणि दानाबरोबर त्याचे आयुष्य बदलते, ही जाणीव या मुलखात किती जुनी आहे ते तिच्यातून कळते.

मोक्षपट : घराघरांनी चढणारा जीव

सारीपाटात सोंगट्या अनेक असतात. मोक्षपटात प्रत्येकाची सोंगटी एकच आणि ती म्हणजे खेळणाऱ्याचा जीव. पटावरच्या प्रत्येक घराला नाव असते. तळाशी जन्म आणि मोह, वर वेगवेगळे लोक, सर्वांत वर मोक्ष. दया, दान, भक्ती अशा घरांतून शिड्या वर जातात. क्रोध, लोभ, मत्सर अशा घरांतून साप खाली उतरतात. दान पडेल तसा जीव चढतो, घसरतो आणि पुन्हा चढू लागतो.

परंपरा या खेळाचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देते. उपलब्ध पट मात्र त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. पश्चिम भारतातले बरेचसे पट अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. घरांची संख्या पंथाप्रमाणे बदलते. वैष्णव पटांत ७२ घरे, जैन पटांत ८४, तर सूफी पटांत १०१ घरे आढळतात. उत्तरेत याच खेळाला ज्ञानचौपड म्हणतात. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये तो मुलांचा खेळ म्हणून छापला गेला. तिथे घरांची नावे हळूहळू गळाली, साप आणि शिड्या उरल्या, आणि सापशिडी म्हणून तो छापील रूपात परत इकडच्या दुकानांत आला.

मोक्षपटाने एक मोठी गोष्ट साधली होती. पटावरच्या जागेला त्याने नैतिक अर्थ दिला आणि खेळणाऱ्याच्या प्रगतीला पायऱ्या दिल्या. सापशिडीत घराचा नुसता आकडा वाचायचा असतो. मोक्षपटात घराचे नाव वाचायचे, ते का चढवते किंवा का पाडते ते समजून घ्यायचे आणि मग पुढच्याला डाव द्यायचा. खेळता खेळता एक शिकवण वाचून होत असे. पात्राची वाढ टप्प्याटप्प्याने मोजणे हा आजच्या भूमिकाखेळाचा गाभा आहे. तशी मोजणी मोक्षपटात स्पष्ट दिसते.

बुद्धिबळाचे देशी नियम आणि सांगलीचा वारसा

चतुरंगाचे रूपांतर होत होत बुद्धिबळ बनले. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात जे बुद्धिबळ घरोघर खेळले जाई त्याचे नियम आजच्यासारखे नव्हते. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल करता येई, तीही शह बसण्यापूर्वीच. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचेल ते मोहरे त्याला मिळे. प्याद्याने मात करणे मोठ्या प्रतिष्ठेचे मानत. या नियमांमुळे डाव संथपणे उघडे आणि दोन्ही बाजूंना व्यूह रचायला वेळ मिळे.

या खेळाची लेखी परंपराही होती. मूळच्या पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात आपल्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे नियम दिले. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांनी १८७१मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले आणि त्यात अनेक खेळांबरोबर बुद्धिबळही घेतले.

विसाव्या शतकात या परंपरेचे मोठे केंद्र सांगली बनले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. उन्हाळ्याच्या सुटीत मंडळ भरवीत असलेल्या स्पर्धांना गावोगावचे खेळाडू येऊ लागले आणि सांगलीची ओळख बुद्धिबळाचे गाव अशी झाली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१मध्ये स्थापन झाला आणि १९५५मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तोवर आंतरराष्ट्रीय नियम रूढ होत आले होते. मंडळांनी आणि स्पर्धांनी ते स्वीकारले, तसे देशी नियम मागे पडले. नव्या नियमांत खेळाडू घडवण्याचे काम सांगलीने नेटाने केले. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या सांगलीच्या. भाग्यश्रींनी महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले आणि १९९१मध्ये त्या आशियाई विजेत्या झाल्या. स्वाती महिला ग्रँडमास्टर झाल्या.

खाडिलकर घराण्याचे मूळही सांगलीत आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२मध्ये सांगलीत जन्मले. त्यांचे नातू, संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी मुलींनी भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली दहा वर्षे गाजवली. १९७४ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतींनी जिंकली. रोहिणी १९८१ आणि १९८३मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. त्यापूर्वी, १९७६मध्ये, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या होत्या.

सांगलीचा दुसरा वारसा रंगभूमीचा आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. एकाच गावात पटाचा खेळ आणि नाटक दोन्ही फुलले. बुद्धिबळात दुसऱ्याच्या चालीची वाट पाहत विचार करायची सवय लागते, तर नाटकात स्वतःला विसरून दुसऱ्याच्या भूमिकेत शिरावे लागते. पडद्यावरचा भूमिकाखेळ या दोन सवयी एकत्र आणतो. त्या एकत्र आल्या मात्र युरोप-अमेरिकेत, बुद्धिबळाच्याच वंशात.

पटापासून भूमिकेपर्यंत

चतुरंग भारतातून इराणात गेले, तिथून अरबांकडे आणि दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास युरोपात पोचले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथे वजीर आणि उंट यांची चाल लांबली आणि आजचे बुद्धिबळ तयार झाले. १७८०मध्ये ब्राउनश्वाइकच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर डोंगर, नद्या, गावे मांडली आणि मोहऱ्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफखाना आणला. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने त्यात नकाशा, फासे आणि पंच आणून लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ तयार केला. लढाईत किती माणसे पडली हे आता फासा आणि कोष्टक ठरवू लागले. पुढे हा खेळ छंद म्हणून घराघरांत शिरला. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. सेनापती म्हणून हजारो सैनिक हलवण्याऐवजी खेळणाऱ्याने एकच पात्र घ्यायचे. योद्धा, मांत्रिक, धर्मगुरू यांपैकी एक भूमिका, तिला बळ, बुद्धी, चपळाई असे आकडे, आणि अनुभवाने वाढणारी लेव्हल. गोष्ट सांगणारा एक सूत्रधार. सोंगटीला नाव, स्वभाव आणि चरित्र मिळाले.

लगेच ही कल्पना संगणकावर आली. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकजाळ्यावर १९७५मध्येच विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहिले. १९८१मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ बाजारात आले. जपानमध्ये युजी होरी यांनी ‘अल्टिमा’चा नकाशा आणि ‘विझर्ड्री’ची पाळीची लढाई एकत्र करून १९८६मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. निंतेंदोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी तो बनला. मुलांना झेपेल इतका तो सोपा होता आणि अख्खा खेळ ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसला. १९८७मध्ये हिरोनोबू साकागुची यांचा ‘फायनल फँटसी’ आला आणि १९९६मध्ये सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’. त्यात १५१ प्राणी होते आणि दोन हातयंत्रे तारेने जोडून मित्राशी प्राण्यांची अदलाबदल करता येई.

पडद्यावरचा डाव

अशा खेळात डाव कसा पडतो हे पाहिले की जुन्या पटाची ओळख पटते. पात्र नकाशावर चालते, गावात लोकांशी बोलते, दुकानातून शस्त्र आणि औषध घेते. रानात शत्रू भेटला की चालणे थांबते आणि लढाईचा पडदा उघडतो. हल्ला, मंत्र, वस्तू, पळ असे पर्याय समोर येतात. खेळणारा एक निवडतो, मग शत्रूची पाळी. घाव किती बसला हे पात्राचे बळ, शत्रूचे कवच आणि संगणकाने काढलेला यादृच्छिक आकडा यांवरून ठरते. तो आकडा म्हणजे पडद्यामागे टाकलेले दान. शत्रू पडला की अनुभवाचे गुण आणि पैसे मिळतात. पुरेसे गुण साठले की लेव्हल वाढते आणि काल जो शत्रू भारी होता तो आज सहज हरतो.

लढाईतला खरा विचार सारीपाटासारखाच असतो. जखमी साथीदाराला औषध द्यावे की एक घाव जास्त घालून शत्रूला आधीच संपवावे, मंत्रशक्ती आता खर्चावी की पुढच्या मोठ्या शत्रूसाठी राखावी, याचा निर्णय घेईपर्यंत पडदा वाट पाहतो. बोटांच्या चपळाईचा इथे उपयोग नाही. म्हणून दहा वर्षांचे मूल आणि साठीतला माणूस हा खेळ बरोबरीने खेळू शकतात.

हे खेळ एका बैठकीत संपत नाहीत. तीस-चाळीस तास लागणारे कितीतरी आहेत. म्हणून जिथवर आलो ती जागा नोंदवून ठेवण्याची, म्हणजे सेव्ह करण्याची सोय त्यांना अत्यावश्यक ठरली. पहिल्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये वीस अक्षरांचा संकेत कागदावर उतरवून घ्यावा लागे. नंतर कॅसेटमध्येच बॅटरी आली आणि नोंद यंत्रात राहू लागली.

महामार्गावर आलेला खेळ

महाराष्ट्रात पडद्यावरचे खेळ १९९०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरले. ‘समुराई’सारखी यंत्रे आणि फॅमिकॉमच्या स्वस्त नकला टीव्हीला जोडल्या जात. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचे वेष्टणावर छापलेले असे. त्यांत धावण्याचे, उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे खेळ असत. पाळीचे भूमिकाखेळ त्यांत क्वचितच येत. लांबलचक इंग्रजी किंवा जपानी मजकूर वाचल्याखेरीज ते पुढे सरकत नसत आणि स्वस्त कॅसेटमध्ये नोंद ठेवणारी बॅटरीही नसे. त्यामुळे जगभरात हा प्रकार ऐन भरात होता तेव्हा इकडच्या बहुसंख्य मुलांना त्याचा पत्ताही नव्हता.

तो आला उशिराने आणि वेगळ्या वाटेने. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे २००१नंतर तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावांत संगणकवर्ग निघाले. पाठोपाठ सायबर कॅफे आले. पुणे-सातारा महामार्गावरच्या शिरवळसारख्या गावाला पुण्याची बाजारपेठ जवळची होती. औद्योगिक वसाहत आणि पशुवैद्यक महाविद्यालय यांच्यामुळे इथे तरुणांची वस्तीही वाढत गेली. २००३मध्ये ‘पोकेमॉन’ची मालिका भारतात टीव्हीवर सुरू झाली आणि त्या प्राण्यांची नावे शाळकरी मुलांच्या तोंडी बसली. ज्यांनी मालिका आधी पाहिली त्यांनी मूळ खेळ नंतर खेळला, तोही बहुधा संगणकावर इम्युलेटर टाकून. जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकाकडून करून घेणाऱ्या या प्रणाली १९९७च्या सुमारास जगभर पसरू लागल्या होत्या.

ग्रामीण महाराष्ट्राने त्याच काळात तासन्‌तासांचे भारनियमन सोसले. वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना वेगाच्या खेळात मिळवलेले सगळे एका क्षणात जाई. पाळीच्या खेळात दर टप्प्यावर सेव्ह करता येते आणि वीज आली की तिथूनच पुढे जाता येते. २०१६नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि संगणकाचीही गरज उरली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा खेळ खिशातल्या फोनवर, एसटीच्या प्रवासात, तुकड्या-तुकड्यांनी खेळता येऊ लागला. जगाच्या दृष्टीने जुना झालेला खेळ अशा रीतीने इथे पहिल्यांदाच पोचला.

उशिरा खेळण्याचे मोल आणि अडचणी

बाजारात येऊन अनेक वर्षे झाल्यावर खेळ खेळणे हा वेगळाच अनुभव असतो. वेगावर आणि चित्रांच्या भव्यतेवर उभे असलेले खेळ लवकर शिळे होतात, कारण पुढचे यंत्र त्याहून वेगवान आणि त्याहून सुंदर चित्र दाखवते. पाळीचा खेळ निर्णयांवर उभा असतो. चौकोनी ठिपक्यांचे चित्र जुने दिसते, पण औषध द्यावे की घाव घालावा हा प्रश्न जुना होत नाही. सारीपाटाचा कापडी पट शंभर वर्षांचा असला तरी त्यावरचा डाव आजचाच असतो. या खेळांच्या टिकाऊपणाचे हेच मुख्य कारण आहे.

उशिरा येणाऱ्याला काही फायदे मिळतात. इम्युलेटरमध्ये संथ भाग भरभर पुढे नेता येतात आणि वाटेल त्या क्षणी नोंद करता येते. जपानबाहेर कधीच न निघालेल्या खेळांची चाहत्यांनी केलेली भाषांतरे मिळतात. २००६चा ‘मदर ३’ इंग्रजीत आला तो २००८मध्ये चाहत्यांच्या अशाच कष्टाने. पण या सोयी खेळ बदलूनही टाकतात. प्रत्येक घावाआधी नोंद ठेवून मनासारखे दान पडेपर्यंत तोच डाव पुन्हा खेळला तर धोका उरत नाही आणि धोक्याबरोबर निर्णयाचे वजनही जाते. मूळ खेळाडूंना लेव्हल वाढवण्यासाठी त्याच रानात शेकडो लढाया लढाव्या लागत. तो संथपणा आजच्या माणसाला जड जातो, पण पात्राबद्दलची आपुलकी त्याच्यातूनच वाढत असे. जुना खेळ त्याच्या मूळ गतीने निदान एकदा खेळून पाहावा, असे सांगण्यामागचे कारण हे आहे.

दुसरी अडचण खेळ मिळण्याची. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणकप्रणालीला साहित्यकृतीसारखे संरक्षण आहे. त्यामुळे मालकाच्या परवानगीवाचून काढलेली प्रत बेकायदा ठरते. दुसरीकडे मालक स्वतः फारच थोडे जुने खेळ विक्रीत ठेवतात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार २०१०पूर्वी तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज विकत मिळत नाहीत. गाजलेल्या खेळांचे नशीब थोडे बरे आहे. १९९५चा ‘क्रोनो ट्रिगर’ २०१८मध्ये संगणकावर आला. ‘फायनल फँटसी’चे पहिले सहा खेळ २०२१पासून नव्याने निघाले. १९८८चा तिसरा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २०२४मध्ये पुन्हा रचून प्रसिद्ध झाला.

पटाचा खेळ टिकतो तो माणसांच्या स्मरणात. देशी बुद्धिबळ आज कुणी खेळत नसले तरी त्याचे नियम ग्रंथांत आहेत आणि साधा पट घेऊन ते कुणालाही पुन्हा खेळता येईल. पडद्यावरच्या खेळाला एवढे पुरत नाही. प्रणालीची प्रत, ती चालवणारे यंत्र किंवा इम्युलेटर आणि परवानगी ही तिन्ही एकत्र असावी लागतात. म्हणून या खेळांच्या जतनाचा प्रश्न सारीपाटाच्या जतनाहून तातडीचा आहे आणि ग्रंथालयांनी व संग्रहालयांनी त्यात पडणे गरजेचे आहे.

पाळीचा प्रकार मागे पडला, आता वेगाचेच दिवस आले, असे २००५नंतर अनेकांना वाटू लागले होते. ‘फायनल फँटसी’ मालिकेने स्वतःही वेगाच्या लढाईकडे मोहरा वळवला. पण २०२३मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ या पूर्णपणे पाळीच्या आणि थेट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांवर चालणाऱ्या खेळाने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळवला. २०२५मध्ये ‘क्लेअर ऑब्स्क्युअर’ या पाळीच्याच फ्रेंच खेळालाही तो मिळाला. शिरवळपासून तासाभराच्या अंतरावरच्या पुण्यात नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२०मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ जगाच्या बाजारात नेला. पण तो वेगाचा खेळ आहे, पाळीचा नव्हे. सारीपाटाचे दान, मोक्षपटाच्या पायऱ्या, देशी बुद्धिबळाची घोडचाल आणि म्हाळसेशी हरलेल्या डावानंतर मेंढरे राखणारा खंडोबा, हे सारे साहित्य घेऊन मराठीत पाळीचा भूमिकाखेळ रचण्याची जागा अजून मोकळी आहे. त्यासाठी लागणारी परंपरा नीरा-कृष्णेच्या खोऱ्यात आठ-नऊशे वर्षांची आहे, आणि तो रचण्याची साधने आता गावोगाव पोचली आहेत.